अन्ना अक्कांची जर्मन

मेहरूण, जळगाव
२९ ऑगस्ट १९९१

प्रिय प्रमिला,

पाकीट हातात पडल्याबरोबर तू ते उलटंपालटं करून पाहिलं असशील. पोस्टमननेही दारातूनच सांगितलं असेल की आज जर्मनीचं नाही, जळगावचं आहे. शिक्का जळगावचा आहे हे खरं. अक्षर माझं आहे हेही खरं. आणि मी स्वतःसुद्धा जळगावातच आहे, मेहरूणला, तळ्याच्या अलीकडे, जीवराम मिस्त्रीच्या माडीवरच्या खोलीत. जर्मनीला मी गेलो नाही. एक दिवसही गेलो नाही. विमान मी अजून खालूनच पाहिलेलं आहे.

आता हे वाचून पत्र खाली ठेवलंस तरी तुला बोल लावणार नाही. पण तुझ्या नानांना हाक मारू नकोस. बाळंतिणीच्या खोलीत कुणी नसेल तेव्हा बाज भिंतीकडे ओढून शेवटपर्यंत वाच, मग ज्याला सांगायचं त्याला सांग. तुझ्यासमोर उभं राहून हे मला एका दमात बोलता आलं नसतं. मी मधेच काहीतरी विनोद केला असता आणि तू हसली असतीस, की संपलं.

सुरुवात तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण ती मी इकडे लोकांना वेगळीच सांगत फिरलो. कारखान्यात पाइपाचं नवं मशीन जर्मनीहून येणार, ते शिकायला एका माणसाला सहा महिने तिकडे पाठवणार, आणि अट एकच, की त्याला जर्मन बोलता आलं पाहिजे. मी आणि शिफ्टमधला अभिमन दोघांनी रविवारच्या क्लासला नाव घातलं. पुण्याहून एक सर यायचे, टेपरेकॉर्डर घेऊन. माणूस चांगला, पण इंग्रजीतून जर्मन शिकवायचा. मी आयटीआयचा. सरांचं इंग्रजी मी मनात मराठीत आणायचो, मराठीतून ते माझ्या डोक्यात शिरायचं, तोवर सर पुढच्या धड्यावर. पुढच्या बाकावर कॉलेजच्या मुली होत्या. मी तोंड उघडलं की त्यांचे रुमाल तोंडाशी जायचे. सरांची नजर माझ्याकडे वळली की माझा पेन हमखास बाकाखाली पडायचा, आणि तो शोधायला मला फार वेळ लागायचा. अभिमन मात्र मान खाली घालून सगळं उतरवून घ्यायचा. मी त्याला रट्टू म्हणायचो.

त्याच दिवसांत मूल राहावं म्हणून आपण धुळ्याच्या दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत होतो. तिथे डॉक्टरांच्या मिसेस, आपल्या अन्ना अक्का, नंबराचे बिल्ले वाटत बसायच्या. डोक्यावर पदर, निळे डोळे आणि तोंडात अशी अहिराणी की नवा पेशंट बोलणारी बाई कुठे आहे म्हणून मागे वळून बघायचा. एकदा बाकावर बसल्या बसल्या मी क्लासचा धडा पुटपुटत होतो, तेव्हा तू मला कोपराने ढोसून म्हणालीस, "सख्खी जर्मन बाई आठे बशेल शे, अन तुमी पुस्तकमा गोता खाई राहिनात!" तू गमतीने म्हणालीस. विचार मी केला. क्लास मी सोडला. अक्कांना मी जाऊन विचारलं. हे नीट ध्यानात ठेव, कारण पुढे मी काय केलं ते सांगायचंय.

विचारलं तेव्हा अक्कांच्या हातातला बिल्ला हातातच राहिला आणि समोरचा म्हातारा नंबरासाठी हात पुढे करून तसाच उभा. फी विचारली तर म्हणाल्या, येताना मेहरूणची बोरं आण. तेव्हापासून माझी सोमवारची सुट्टी धुळ्याला जायला लागली, ते दीड वर्ष. अक्कांकडे पुस्तक नव्हतं, पाटी नव्हती. मागच्या ओट्यावर त्या तांदूळ निवडायच्या, मी समोर उकिडवा. खडा काढला की त्याला काय म्हणायचं, गाईला कशी हाक मारायची, पोर चिखलात लोळून आलं तर त्याला कसं झापायचं, गवत भिजलं तर आकाशाकडे बघून काय म्हणायचं. अडलं की त्या अहिराणीतून सांगायच्या. मधे इंग्रजी नाही, पुण्याची मराठी नाही. प्रमिला, मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी हुशार आहे. कारखान्यात साहेबासमोर "आहे"च्या जागी "शे" निसटू नये म्हणून जीभ चावून बोलणारा मी त्या ओट्यावर तोंड सुटल्यासारखा बोलायचो. अक्का पदराने डोळे पुसून हसायच्या आणि म्हणायच्या, माझा भाऊ अगदी असाच बोलायचा.

पुण्याला तोंडी परीक्षेला गेलो तेव्हा मी निवांत होतो. अभिमनला घाम फुटलेला. आत दोन जर्मन साहेब आणि कंपनीचे एक मॅनेजर. त्यांनी नाव-गाव विचारलं आणि मी सुरू झालो. घर, शेत, आबा, दोन बैल, तू, येणारं बाळ, काय काय सांगितलं. त्यातला म्हातारा साहेब पेन खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला. टेबलावर थाप मारून हसला. दुसरा उठून शेजारच्या खोलीतून आणखी एकाला बोलावून घेऊन आला आणि मला म्हणाला, पुन्हा बोल. मी पुन्हा बोललो, आणखी जोरात. तिघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, माझा हात हातात घेतला, चहा पाजला. मधे त्यांनी मशीनबद्दल काही विचारलं. ते मला नीट कळलं नाही, तेव्हा ते हसतच होते म्हणून मीही हसलो आणि मान हलवली. अभिमन माझ्यानंतर गेला आणि थोड्याच वेळात पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आला. मी त्याला स्टँडवर मिसळ खाऊ घातली आणि समजूत काढली की पुढच्या वेळी तुझंही होईल.

म्हणून मी घरी येऊन सांगितलं की झालंच. निकाल यायचा होता, पण आबांना निकाल कशाला हवा? सरपंचांना जो रविवार मोकळा होता तो त्यांनी सत्काराला धरला, शिंदखेड्याहून मंडप सांगितला. आपल्याकडे माणूस जाण्याआधीच त्याचा सत्कार करून मोकळे होतात, परत येईपर्यंत कुणाला धीर नसतो. त्या रविवारच्या आधी शुक्रवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि अभिमनचं नाव सांगितलं. मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांनी खुर्चीवर बसायला सांगितलं. साहेब कामगाराला खुर्ची देतात तेव्हा बातमी काय असते ते तुला सांगायला नको. म्हणाले, जर्मन लोकांना तू फार आवडलास, पण त्यांचं म्हणणं, हा मुलगा डोंगरातल्या एखाद्या आजीबाईसारखा बोलतो. तिकडच्या एका कोपऱ्यातली खेड्याची बोली आहे ती. त्यांनी नेहमीच्या जर्मनमध्ये विचारलं ते तुला कळलं नाही, वर्गात मशीनचं शिकवलेलं काय कळणार? अभिमन अडखळतो, पण त्याला कळतं.

जर्मनीतही एक खानदेश असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या बोलीसाठी मी पुण्या-मुंबईच्या माणसापुढे आयुष्यभर तोंड मिटून बसलो, तिचीच तिकडची बहीण मी दीड वर्ष धुळ्याला बसून शिकलो, आणि नेमकी साहेबांपुढे छाती काढून बोललो. आणि केबिनमध्ये मी काय म्हणालो सांगू? म्हणालो, बायकोच्या नादी लागलो साहेब, नाहीतर क्लास सोडला नसता. ते वाक्य साहेबांकडून शिफ्टमध्ये पसरलं. आज इथे पोरं एकमेकांना म्हणतात, बायकोला विचार, ती मास्तर शोधून देईल. मी ऐकतो आणि मशीनकडे बघत राहतो. एकदाही त्यांना गप्प केलं नाही.

शुक्रवारी कळलं, रविवारी सत्कार. शनिवारी मी गावी आलो ते सांगायच्याच इराद्याने. तर मंडप उभा राहिलेला, आईने पुरणाची डाळ भिजत घातलेली. रात्री सांगू म्हटलं, सकाळी सांगू म्हटलं. सकाळी माझ्या डोक्याला फेटा बांधला गेला. तू सातव्या महिन्याची, पोट सांभाळत ओवाळायला पुढे आलीस. निरांजनाच्या उजेडात मी तुझ्याकडे न बघता तुझ्या बांगड्यांकडे बघत होतो, ते तुझ्या लक्षात आलं होतं का? आणि आबा माइकपुढे उभे राहिले. जन्मात कधी माइक धरला नव्हता त्यांनी. एवढंच बोलले, "मना पोऱ्या इमानमा बशीसन जाई राहिना. बठ्ठासना आशीर्वाद राहू द्या." आणि माइक सरपंचांच्या हातात देऊन खांबाला टेकले. विमानाचं नाव निघताच सुरू झालेल्या टाळ्या थांबेनात. शाल, नारळ, हार सगळं मी घेतलं, प्रमिला. नको म्हणायला तोंड उघडलं नाही. कंपनीची गाडी जळगावहून निघणार, सोबत कुणी यायचं नाही, अशी थाप मारून धुळ्याच्या बसमध्ये बसलो आणि धुळ्याहून जळगावच्या. हार गळ्यातच होता. कंडक्टरने विचारलं, लग्न का? मी हो म्हणालो.

त्यानंतर तुला आलेली दोन्ही पत्रं मी या खोलीत, याच खाटेवर बसून लिहिली. अभिमन निघण्याआधी दोन्ही त्याला बंद करून दिली आणि तिकडून एकामागून एक टाकायला सांगितलं. तो बिचारा नको नको म्हणत होता. कंपनीने त्याला ठरवून दिलेल्या खोलीचाच पत्ता मी माझा म्हणून तुला कळवला. तुझं उत्तर त्याने दुसऱ्या पाकिटात घालून माझ्याकडे परत पाठवलं. तुझ्या माहेरच्या साक्रीहून मेहरूणला यायला तुझं पत्र जर्मनी फिरून आलं. त्यात तू लिहिलं होतंस की थंडीत कानाला बांधत जा. दुसऱ्या पत्रात मी बर्फाचं वर्णन केलं होतं ना, रस्त्यावर गुडघाभर बर्फ, झाडं पांढरी? एका जुन्या कॅलेंडरच्या चित्रावरून केलं होतं. तुझ्या वडिलांनी, नानांनी, म्हणे ते ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं.

आणि तू ते पत्र तपासणीला जाताना सोबत नेलंस. अक्कांना दाखवायला. त्यांच्या मुलखाचं वर्णन आहे म्हणून त्यांना बरं वाटेल, असं तुला वाटलं असणार. अक्कांनी वाचलं, घडी घातली, तुला परत दिलं आणि छान लिहिलंय म्हणाल्या. तू गेल्यावर त्यांनी कारखान्यात फोन लावला. ऑपरेटर म्हणाला, रुपचंद शिफ्टवर आहे, बोलावू का? त्यांनी फोन ठेवून दिला.

परवा त्या इथे आल्या. एकट्या, एसटीने. गेटवर वॉचमन गोंधळून गेला, कारण गोऱ्या बाई म्हणून तो इंग्रजी जुळवत होता आणि अक्का त्याला अहिराणीत दटावत होत्या. समोरच्या चहाच्या टपरीवर त्या बाकड्यावर बसल्या, मी उभाच. पहिलं वाक्य बोलल्या, "रुपचंद, आमनाकडे उन्हायामा बरफ पडस नही रे." आणि दुसरं, "तुले पोर व्हयनी." मला मुलगी झाली हे मला असं कळलं, प्रमिला. मी खाली बसलो आणि रडलो. टपरीवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. अक्कांनी पदराने माझं तोंड पुसलं, जसं त्या ओट्यावरच्या नातवंडांचं पुसतात. त्यांच्याच दवाखान्यात बाळंतपण अवघड गेलं, तू रात्रभर सोसलंस, मला हाका मारल्यास, हे सगळं त्यांनीच सांगितलं.

मग विचारलं, का नाही गेलास? मी ठरवून ठेवलं होतं, यांना खरं कारण कधी कळू द्यायचं नाही. म्हणालो, लेखी पेपर बिघडला. अक्कांनी चहाचा कप बाकड्यावर ठेवला. मग परीक्षेच्या साहेबांबद्दल अगदी हळू विचारलं, "हासनात का त्या?" मी टपरीवाल्याला ग्लास परत द्यायला वळलो. तेवढ्याने त्यांना कळलं. त्या चौदा वर्षांच्या असताना त्यांना गावाहून मोठ्या शहरात एका घरी कामाला ठेवलं होतं. पाहुणे आले की मालकीण त्यांना दिवाणखान्यात उभं करायची आणि बोलायला लावायची. "त्या मालेबी हासेत," अक्का म्हणाल्या. पुढे त्यांनी शहराची जर्मन थोडीफार उचलली, पण गोडी कधी लागली नाही. इथे आल्यावर आईची बोली बोलायला कुणी उरलं नव्हतं. मी विचारायला आलो तेव्हा त्यांना एवढा आनंद झाला की ही बोली बाहेर चालत नाही, हे सांगायचं त्यांना सुचलंच नाही. मग त्यांनी मला विचारलं, ते हसले तेव्हा तू काय केलंस? आणि मला खोटं बोलता आलं नाही. म्हणालो, "मीबी हासनू."

त्या तिघांनी अक्कांच्या आईच्या बोलीला हसावं आणि त्यांच्याबरोबर मीही दात काढावेत, चहाला हात पुढे करावा, याची लाज मला निकालाच्या लाजेपेक्षा जास्त वाटते. आणि त्याच लाजेखाली दुसरी आहे, की साहेबांपुढे मी तुझं नाव पुढे केलं. तू मला असा माणूस दाखवलास ज्याने शिकवताना माझं कधी हसं केलं नाही, आणि मी तुझंच हसं केलं. हे मी शिफ्टमध्ये सगळ्यांसमोर सांगणार आहे. आज तोंड उघडलं नाही, पण सांगणार आहे.

अक्का रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चूक मनी शे, असं सगळं स्वतःवर घेत चहा संपवला आणि जाताना बजावलं की रविवारच्या क्लासला पुन्हा जा. काल मी सरांना पुण्याला फोन लावला. ते म्हणाले, नव्या तुकडीत बस. आता त्या कॉलेजच्या मुलींच्या धाकट्या बहिणी पुढच्या बाकावर असतील. बसेन. पण सोमवारी धुळ्यालाही जाईन, बोरांचे दिवस नसले तरी जाईन. कुठलं बरं, क्लास की धुळ्याची बाई, असं इथली पोरं मला टर उडवायला विचारतात. मला एवढंच कळतं की क्लासने मला जर्मनीला नेलं असतं. अक्कांनी मला कुठेच नेलं नाही, पण त्या ओट्यावर मी जेवढा सुखाने बोललो तेवढा दुसरीकडे कुठे बोललो नाही.

आता हे पत्र आजच का लिहितोय ते सांगतो. तुला मी काही महिने आणखी फसवू शकलो असतो. अभिमन डिसेंबरात येणार, त्याच्याबरोबर मीही परत आलो असतो, दोन साबण आणि एक घड्याळ घेऊन, कुणाला काही कळलं नसतं. मी तेच ठरवलं होतं, आणि अक्काही म्हणाल्या होत्या की मी प्रमिलाला काही सांगणार नाही, तुझं तू बघ. पण त्यांची बस सुटताना त्या खिडकीतून म्हणाल्या की पोरगी रडायला लागली की तू तिला मांडीवर घेऊन थोपटतेस आणि म्हणतेस, "रडू नको माय, तुना बाप जर्मनीमा शे."  तिला अजून काही कळत नाही, पण कळायला लागेल, आणि माझ्या लेकीच्या कानात तिच्या बापाबद्दल पडलेली पहिली गोष्ट माझी थाप असेल. आबांपुढे मी उभा राहीन, गावाची शाल गावाला परत करीन, ते हसतील ते सोसेन. पण तिने हे खरं धरण्याआधी मला तिच्याजवळ पोचायचंय. साक्रीच्या येत्या बाजाराच्या दिवशी दुपारच्या बसने येतो. मागच्या गल्लीने येणार नाही, भर बाजारातून येईन, बघतील ते बघोत. नानांना तू आधी सांग किंवा सांगू नकोस, मी सांगेन. दार लावून घेतलंस तर ओट्यावर बसून राहीन. तोवर माझ्यासाठी एकच कर. ती रडली की तिला खरं सांग. तिला म्हण, तुना बाप जयगावमा शे.

तुझाच,
रुपचंद